उजवा खांदा

१७ नोव्हेंबर

प्रिय पप्पा,

प्रभूच्या नावाने सलाम.

पत्र मिळालं. आईचा गुडघा, छपराची गळती, आपल्या मंडळीच्या चर्चमधली नवी बाकं, सगळं कळलं. मी ठणठणीत आहे. वेळेवर जेवतो, हे आईला सांगा.

एक वाक्य मात्र घशात अडकलंय. "पाळक व्हायला पाठवलं, आणि देवाचं काम टाकून सुईदोरा घेऊन बसलास." पप्पा, बायबल कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं, कबूल. देवाचं काम सोडलं असं कधी म्हणालो? तिथे वर्गात मला देवापेक्षा घड्याळच जास्त दिसायचं. इथे सुईत दोरा ओवताना मी प्रार्थना करतो. बहुतेक वेळा दोरा आधी जातो. हसू नका.

गेल्या आठवड्यात काय झालं ते ऐका, मग ठरवा.

दुकानात एका नवरदेवाचा कोट आला. कच्च्या शिलाईचा कोट अंगावर घालून बघायच्या दिवशी मास्तर दुसऱ्या गिऱ्हाइकात अडकलेले, म्हणून टाचण्या मी लावल्या. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. एरवी कळत नाही, पण कोट चुगली करतो, कॉलरपाशी चुणी पडते. अशा वेळी उजवीकडे आतून पॅडचा जादा थर द्यायचा असतो. मी ते पाहिलं. आणि गप्प बसलो.

का, ते येईलच पुढे.

कोट तयार झाला. मास्तरांनी पास करून हँगरला लावला. हँगरचे दोन्ही खांदे सारखे, त्यामुळे तिथे तो ऐटीत दिसत होता. लग्नाच्या प्रत्येक फोटोत हा गडी एका बाजूला कललेला दिसणार, हे फक्त मला माहीत. खोटं कशाला सांगू, आतून गुदगुल्या होत होत्या. शिट्टी वाजवत फिरत होतो.

मग एका सकाळी सुईत दोरा गेला आणि प्रार्थनाच येईना. एक शब्द नाही. मास्तर जेवायला गेले तसा उठलो, कोट काढला आणि खांदा उसवला.

मास्तर परतले ते ओरडतच. "अरे शहाण्या, पास झालेला माल उसवतोस? गिऱ्हाईक संध्याकाळी दारात उभं राहील! कोण बघणार होतं तुझा तो खांदा?"

"मी बघितलाय. आणि ज्याच्यासाठी शिवतो त्यानेही."

"कोट त्या नवरदेवाचा आहे!"

"कोट त्याचा. काम प्रभूचं."

"मग पगारही तिकडूनच घे! बिघडला ना कोट, तर उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाही."

"नाही चढणार," म्हटलं, आणि मान खाली घालून शिवत राहिलो. टाके सरळ पडले.

संध्याकाळी नवरदेव कोट घालून आरशासमोर गेला, वळला, पुन्हा वळला. "अरे! लहानपणापासून आई ओरडते, सरळ उभा राहा म्हणून. आज राहिलो की!" माझा हात धरून हलवतच सुटला. चांगला माणूस आहे, पप्पा. तेच तर सहन होत नाही.

मास्तरांनी दुसरा कोट माझ्या पुढ्यात टाकला. "याचेही खांदे बघ."

आता ते राहिलेलं. अस्तराचा रंग ठरवायला नवरदेवाने मोबाईलवर होणाऱ्या बायकोचा फोटो दाखवला होता, "हिच्या गाऊनला शोभेल असा द्या" म्हणून. फोटोत आपल्या मंडळीत पियानो वाजवते ती होती. तुम्ही तिचं लग्न छप्पर आणि बाकं यांच्या मधे एका ओळीत उरकलंत. मीही वर ती ओळ गाळली. दोघेही सारखेच भित्रे.

कॉलेज सोडलं तेव्हा तिने एवढाच निरोप धाडला होता, "आधी एखादं काम तरी पुरं कर." केलं. तिला सांगू नका.

लग्नाला मी येणार नाही. समजूत घालू नका, ऐकणार नाही. पण पाळक म्हणून लग्न तुम्हीच लावणार आहात. तो तुमच्यासमोर उभा राहील तेव्हा त्याच्या उजव्या खांद्याकडे नीट बघा. काहीसुद्धा दिसणार नाही. तेच माझं काम. ते बघून झालं, की मग खुशाल म्हणा, पोराने देवाचं काम टाकलं.

आईला माझा पापा.

तुमचा, आणि तुमच्याच मालकाच्या नोकरीत असलेला,
शिंपी