दोऱ्याचं भोक

चेशिन, ११ डिसेंबर

प्रिय गुस्तेक,

पहिला ट्रे बाहेर काढलाय, दुसरा आत आहे. मधल्या सात मिनिटांत जेवढं होईल तेवढं लिहिते, मग उठेन, मग पुन्हा लिहीन. बिस्किटं अर्धी भाजली की त्यांच्या मधोमध कापलेल्या खिडक्यांत लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरायचा, हे तुला आठवत असेल. आधी भरला तर साखर उकळून काळपट होते. उशिरा भरला तर वितळत नाही, वाळूसारखी दाताखाली येते. चार वाजलेत आणि बाहेर अंधार झालाय. ओल्झा नदीवरून धुकं वर येतंय. अशा हवेत साखरेच्या खिडक्यांना घाम फुटतो, म्हणून गार झाल्या झाल्या डब्यात भरायला हव्यात.

आई आतल्या खोलीत आहे. पायांना सूज आहे, छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, नाताळच्या सणापर्यंत काढतील, पुढचं विचारू नका. तिच्या डोळ्यांचं तुला माहीत नाही. मधलं सगळं गेलं, कडेकडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की ती तोंड दाराकडे वळवते. खिडकीचं बिस्किट डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून रंग सांगते. पिवळा अजून चुकत नाही.

आत्ता चुरा भरून आले. हिरवा भरला. साचा तोच आहे, चांदणीचा, एक टोक वाकलेला. खिडक्या मी आईच्या शिवणाच्या अंगुस्तानानेच पाडते. लहानपणी ते काम माझं होतं आणि नाताळच्या झाडाला टांगायच्या दोऱ्यासाठी टोकात भोकं पाडायचं तुझं. हंसाच्या पिसाच्या दांडीने, कच्च्या पिठात, ट्रे आत जायच्या आधी. तू दर वर्षी विसरायचास. भाजल्यावर टोचायला गेलास की टोक तुटायचं. बाबा म्हणायचे, "आमच्या गुस्तेकची बिस्किटं झाडावर चढत नाहीत, पायीच जातात." मग आई ती तावदानाला टेकवून कट्ट्यावर उभी करायची. शाळेतून येताना झाड दिसायच्या आधी ती दिसायची. मला त्याचा राग यायचा. मी भोकं कधी विसरले नाही आणि माझी बिस्किटं मागच्या फांद्यांवर लागायची.

तू घर सोडून नॉर्वेला गेल्यावरच्या पहिल्या डिसेंबरात आई रोज पोस्टमनची वाट बघायची. विसाव्या दिवशी मी एक ट्रे जास्त भाजला, खोक्यात भरला, तपकिरी कागदात बांधला आणि दारातून आत आणला. म्हटलं, नॉर्वेहून आलंय, गुस्तेकने स्वतः केलीत. तिने खोकं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ उघडलंच नाही. पुढच्या वर्षी तिला वाचता येईनासं झालं, तेव्हा मी पत्रंही वाचून दाखवायला लागले. विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवरून. त्या पत्रांत तुला उबदार खोली दिली. बोटीवरचं काम काढून घेतलं, कारण तिला बोटीची भीती वाटायची, आणि गोदामात लावलं. नंतर इंग्रिड नावाची बाई दिली. ती मासे चांगले तळते. शेजारची मार्या चव घेऊन म्हणाली, "काय गं, तिकडे लोणी फुकट मिळतं का? पोरगा तर तुझ्यापेक्षा बरं भाजतो!" मी हसले. आई हसली नाही.

अशी सहा वर्षं गेली.

काल मी या वर्षीचं पत्र वाचत होते. इंग्रिडने मोजे विणले, इथपर्यंत आले होते. आई म्हणाली, "पुरे आता. त्या इंग्रिडला एक तरी मूल होऊ दे, नाहीतर सोडून दे बिचारीला. चार वर्षं नुसती मासे तळतेय." मी कागद खाली ठेवला. तुला केव्हापासून माहीत आहे, असं विचारलं. म्हणाली, पहिल्या खोक्यापासून. "हात लावला तेव्हाच कळलं. प्रत्येकाला भोक. तेही टोकाच्या बरोब्बर मधोमध. गुस्तेकला कधी आठवलं होतं का ते?" मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, "तू इतकं मन लावून करत होतीस. मला वाटलं, तुला कसलं तरी फेडायचं असेल." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "खरं पत्र लिही त्याला. पत्ता तुझ्याकडे आहे. माझे डोळे गेलेत, कान नाही; रात्री शिवणाचा डबा उघडून कागद काढतेस ते ऐकू येतं मला."

पत्ता माझ्याकडे आहे. तुझं कार्ड आलं होतं, पहिल्याच मार्चमध्ये, आईच्या नावाने. निळ्या बंदराचं. त्यात चार ओळी होत्या. शेवटची होती, 'ओतिल्या अजून तेच म्हणते का? नसेल तर मी येतो.' ते कार्ड मी आईला दिलं नाही. शिवणाच्या डब्यात बटणांखाली ठेवलं. दिलं असतं तर तिने विचारलं असतं, ओतिल्या काय म्हणाली होती. बाबांना पुरलं त्या दिवशी स्मशानाच्या फाटकाशी मी तुला जे म्हटलं ते तिने ऐकलं नव्हतं. गाडी घसरून झाडावर आदळली तेव्हा त्या बाजूला बाबाच का होते, तू का नव्हतास, हे मी म्हटलं होतं. तुझ्या कपाळावर अजून टाके होते. रस्त्यावर बर्फ होता, तू सावकाश चालवत होतास, हे मला तेव्हाही माहीत होतं. सहा वर्षं मी तिला तुझी खोटी पत्रं वाचून दाखवली आणि खरं होतं ते बटणांखाली ठेवलं. मी ते आता म्हणत नाही, गुस्तेक. त्या दिवशीही म्हणायला नको होतं. तुझं कार्ड मी आज आईला वाचून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा. मी काय म्हटलं होतं तेही सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "मग त्याला ये म्हण." ये. माझ्यासाठी नको येऊस, मी घरात नसले तरी चालेल, मार्याकडे झोपेन. सणाची वाट बघू नकोस, आधी ये.

तुझीच, तू अजून मानत असलास तर,
ओतिल्या

ता. क. १२ डिसेंबर, सकाळ. काल सकाळपासून या पत्राच्याच विचारात होते, मी एकाही बिस्किटाला भोक पाडलं नाही. सकाळी डबा आईच्या हातात दिला. तिने एक चांदणी काढली, कडेने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि दाराकडे तोंड करून विचारलं, "कधी आला?" मी म्हटलं, अजून नाही. तिने ती चांदणी तावदानाला टेकवून ठेवायला सांगितली. ठेवली आहे. हे पत्र टाकायला निघाले.