वादातले फोटो

५ ऑगस्ट, सोमवार

आजपण अब्बांचं तेच. "इंजिनिअरिंग सोडलं आन् रेघा बघत बसतोय." बसतोय तर बसतोय. पगार त्याचाच मिळतो.

काम तसं सोपं. पाटणकडच्या खेड्यांतून आशाताई रक्ताच्या टेस्टच्या पट्टीचा फोटो पाठवतात. वरची रेघ सगळ्यांनाच उमटते — पट्टी चांगली आहे एवढंच. खालची उमटली तर रक्तात लेप्टो तापाची अँटिबॉडी. मी "आहे" नाहीतर "नाही" दाबायचं. शाझिया पलीकडच्या खोलीत तेच फोटो बघते, माझं उत्तर न बघता. यावरून मशीन शिकणार, मग पट्टी मोबाईलच वाचणार. जिथं आमचं जुळत नाही, ते फोटो संध्याकाळी दोघांनी एकत्र बसून मिटवायचे.

आज सगळं जुळलं. ती वेळेत घरी गेली.

८ ऑगस्ट, गुरुवार

एका फोटोवर चुकून उलटं उत्तर दाबलं. तेवढ्या एका रेघेसाठी ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. "डोळे हायत का बटणं?" म्हणाली. मी म्हणालो, लय फिकी हाय गं. "फिकी असली तरी हाय ना? मग हाय."

घरी मलकापूरपर्यंत गाडी कशी आणली, आठवत नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

आता मुद्दाम उलटं दाबतो. शेवटी मिटवताना तिचंच ऐकतो, म्हणजे नोंद बरोबरच जाते. कुणाचं काय बिघडतं?

आज मी थोडेच बिघडवले, वादात मात्र फोटोंचा ढीग. असो. लय भांडलो. तिच्या डब्यातले शेंगदाणे संपवले.

१८ ऑगस्ट

रविवार कशाला असतो काय माहीत.

२२ ऑगस्ट, गुरुवार

ऋषिराज सर आले. हे सगळं काम त्यांच्याच हाताखाली चालतं. वादाचा आकडा बघितला आणि तोंडच उतरलं. "दोघांपैकी एकाची नजर गेलीय. असल्या उत्तरांवर मशीन काय शिकणार? उद्या एखाद्याची फिकी रेघ त्याला दिसली नाही, तर साधा ताप म्हणून त्या माणसाला घरी पाठवतील." मग शाझियाच्या चष्म्याकडे बघितलं. "हिला पुढच्या आठवड्यापासून बंद करू."

तिनं चष्मा काढून पुसला.

मी टेबलावर हात आपटला. "चष्मेवाली माणसं आंधळी असतात व्हय?" सर म्हणाले, "तुला कुणी विचारलं?" बाहेर येऊन गाडीला लाथ घातली. अंगठा सुजलाय.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं तर माझी नोकरी जाणार, अब्बा हसणार, आणि मी कसला आहे ते तिला कळणार. नाही सांगितलं तर तिची जाणार — माझ्या बोटांपायी! आणि सर म्हणाले तो ताप आलेला माणूस. तो डोक्यातून जात नाही. जेवलो नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. सरांना म्हणालो, मुद्दाम केलं, तिची नजर चांगली आहे.

"का केलंस?"

ते नाही सांगितलं.

"मूर्ख आहेस," म्हणाले. "येऊ नकोस आता." शाझिया दारातच उभी. सगळं ऐकलं असणार. तिच्याकडे न बघता जिना उतरलो.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सरांचा फोन. वाटलं, अजून शिव्या राहिल्या असतील.

"तिला एकटीला बसवून जुने फोटो परत वाचायला लावले. एकसुद्धा चुकली नाही. पण तू बरोबर दाबलेले कितीतरी फोटो तिनं तेव्हा उलटे दाबलेत. का, म्हणून विचारलं, तर ती पण सांगत नाही."