आईला विचारायचं राहिलं

प्रिय बारक्या,

तुला टक्कल पडायला लागलं तरी मी तुला बारक्याच म्हणणार, तेव्हा पहिल्याच ओळीला नाक मुरडू नकोस. आईचं ऑपरेशन नीट झालं, गळ्यातली गाठ मुळासकट निघाली, हे दादाने तुला कळवलंच आहे. पण आपला दादा पडला डॉक्टर. त्याच्या निरोपात माणसं नसतात, नुसते अवयव असतात. म्हणून खरी हकिगत मी सांगते.

आईचं स्वरयंत्र काढायचं की नाही, यावरून तुझ्या भावाबहिणीने घर डोक्यावर घेतलं होतं, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. दादा म्हणे, ते काढलं तरच आई वाचेल. मी म्हणे, जिने सारा जन्म चर्चच्या क्वायरमध्ये गाण्यात आणि गाणं शिकवण्यात घालवला, तिचा आवाज काढून घेतला तर उरेल काय? आधी औषधं देऊन बघू. दादाने स्कॅन जेवणाच्या खोलीत खिडकीच्या काचेला लावला आणि मला पहिलीतल्या पोरीसारखं समजावायला लागला. मीही शाळेत गाणं शिकवते, आवाज म्हणजे काय ते मला सांगू नकोस, असं मी त्याला सुनावलं. त्याने ओळखीचे सगळे सर्जन आपल्या बाजूला उभे केले. मी चर्चच्या पाळकसाहेबांना परस्पर माझ्या बाजूला धरून टाकलं. ते बिचारे फक्त 'बघू या' म्हणाले होते. सोमवारी हॉस्पिटलला उत्तर द्यायचं होतं आणि शनिवारपर्यंत आमचं बोलणंच बंद झालं.

शेवटी वहिनीचा संयम सुटला. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आप्पा असते तर तुम्हा दोघांना एव्हाना गुडघ्यावर बसवलं असतं." आप्पांचा तो नियम तुला आठवतो ना? घरात भांडण झालं की प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची, पण स्वतःसाठी नाही, ज्याच्याशी भांडण त्याच्यासाठी. शहाणपण आपल्या डोक्यात पिकत नाही, ते ख्रिस्ताजवळ मागावं लागतं, आणि मागणाऱ्याला तो 'एवढंही कळत नाही का' म्हणून हिणवत नाही, असं ते म्हणायचे. लहानपणी पेन्सिलीवरून भांडून तुझ्यासाठी प्रार्थना करताना मला किती जड जायचं म्हणून सांगू!

बसलो. एकमेकांकडे पाठ करूनच बसलो. मी सुरुवात केली ती प्रार्थना कसली, दादाविरुद्धची फिर्यादच होती. याला अक्कल दे, याचा हट्ट मोड, असं चाललं होतं. पण माणसासाठी मागायचं म्हटलं की त्याच्याकडे बघावं लागतं रे. स्कॅन काचेला लावताना दादाच्या हातून चिकटपट्टी नीट लागेना, हे मी पाहिलं होतं आणि मनातल्या मनात हसलेही होते. आता तो हात डोळ्यांपुढे आला आणि माझी फिर्याद तिथेच मोडली. एवढंच म्हणाले, "प्रभू, हा माझ्यासारखाच घाबरलाय." मग दादाची पाळी. तो म्हणाला, "मला वाटत होतं मला कळतं. मला कळत नाही. हिलाही कळत नाही. तू सांग." आपल्या दादाच्या तोंडून 'मला कळत नाही' हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मग खोली शांत झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आमच्या डोक्यातलं भांडणही थांबलं होतं, आणि त्या शांततेत शेजारच्या खोलीतून आईचा खोकला ऐकू आला. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बारक्या, आम्ही साऱ्या जगाला विचारलं होतं, फक्त तिला सोडून! मी आणि दादा लाजून पाणी पाणी झालो आणि तरीही मला इतकं मोकळं वाटलं की हसूच फुटलं. आम्ही देवाला विचारलं आणि त्याने आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं.

आई उशीला टेकून बसली होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "झाली का प्रार्थना? मग आता मला विचारा." तिचं ठरलेलंच होतं. "काढा ते. मला जगायचंय," ती म्हणाली. "गाण्याचं म्हणाल तर, माझ्या आवाजाखाली तिसऱ्या रांगेतले पुरुष कधीचे बेसूर गातायत, कोणाला पत्ता नाही. त्यांच्याकडे आता मला बघता येईल." दादा लहान पोरासारखा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

आणि परवाच्या रविवारी ती उभी राहिली! गळ्याला निळा स्कार्फ, पाठ ताठ, क्वायरच्या पहिल्या रांगेपुढे. हात वर केले आणि सगळे उठले. दुसऱ्याच ओळीला तिने बोट रोखून तिसरी रांग थांबवली, ओळ पुन्हा घ्यायला लावली, तिसऱ्यांदा घ्यायला लावली, आणि ते दांडगे पुरुष मुकाट्याने सुरात आले. त्या दिवशी चर्चचं छत उडेल असं गाणं झालं. पाळकसाहेब प्रवचन सोडून टाळ्या वाजवत होते. आवाज शाबूत असलेल्या माझ्याच तोंडून शब्द फुटेना. आपली आई जिंकली रे. देवाने जिंकवली!

आता हे पत्र का, ते ऐक. त्या शनिवारी आईने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी आतापर्यंत गाळली. आवाजासाठी तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते एकदाच. म्हणाली, "धाकटा फोनवर 'आई' म्हणेल, तेव्हा मी काय करू?" दर रविवारी तुझा फोन यायचा. ऑपरेशन झाल्यापासून तू दादाला निरोप पाठवतोस, तिला फोन करत नाहीस. जी उत्तर देऊ शकत नाही तिच्याशी काय बोलायचं, असंच ना? गळ्याला लावून बोलायचं यंत्र येईल, पण जखम भरायला वेळ आहे, आणि ती रविवारी संध्याकाळी फोनजवळची खुर्ची सोडत नाही. फोन कर. वेड्या, आपण जन्मभर प्रार्थनेत ज्याच्याशी बोलत आलो, त्याचा आवाज तरी कधी कानांनी ऐकलाय? तरी तो ऐकतो, यात आपल्याला कधी शंका आली नाही. तसंच बोल. ती ऐकते आहे.

तुझीच, पेन्सिलीवरून अजून भांडायला तयार असलेली,
ताई