पुढे काही नसलेला सामना

अण्णा,

तुमचा नातू अमेरिकेत कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळतो. तुम्हाला माहीत असलेला फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट असतो आणि खेळ बहुतेक हातांनीच चालतो. पायाचं काम एकाच मुलाकडे: चेंडू जमिनीवर टेकवून धरतात आणि त्याने तो दोन उंच खांबांच्या मधून मारायचा. इथे कुवेतला, मंगफमध्ये, शाळा सुटल्यावर रोज आपला फुटबॉल खेळून त्याचा पाय तयार झाला होता, त्या जोरावर त्याला घेतलं. पण दोन वर्षं तो राखीवच होता. मग हंगाम संपता संपता त्याचा फोन आला, की डिसेंबरच्या सुट्टीत तो कुवेतला येणार नाही, त्याला बाउल गेम खेळायचा आहे. बाउल गेम म्हणजे हंगाम संपल्यावर, बऱ्यापैकी खेळलेल्या दोन संघांना बोलावून ठेवलेला एक सामना. जिंकलात तर करंडक मिळतो, पण तिथून पुढे कुठे जायचं नसतं. अजिंक्यपदाचे सामने वेगळेच असतात.

मला पटलं नाही. दोन वर्षं ज्याला मैदानात उतरवलं नाही त्याला आत्ताच कसं खेळवतात, असं मी विचारलं. तर नेहमीचा मारणारा दुसऱ्या कॉलेजात निघून गेला, आणि संघातले सगळ्यात चांगले तिघे, पुढे व्यावसायिक संघात निवड व्हायची आहे, उगाच दुखापत नको, म्हणून खेळणारच नाहीत. "म्हणजे ज्यांना किंमत आहे ते खेळत नाहीत, म्हणून तू खेळणार," मी म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "एक्झॅक्टली, मम्मा."

मी ऑडिटचं काम करते, अण्णा. दुसऱ्याच्या कागदांवर शंका घेण्याचाच मला पगार मिळतो. विषय राहिला असेल आणि बापासमोर यायची भीती वाटत असेल, किंवा एखादी मुलगी असेल, असं माझ्या मनात चालू झालं. आमच्या ऑफिसात टेक्सासचा एक इंजिनिअर आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, लहानपणी त्याचे वडील सगळ्या घराला गाडीत घालून असे सामने बघायला न्यायचे, आता मात्र संघातली अर्धी पोरं खेळायला येतच नाहीत, कोण बघतं. त्यातलं मला हवं तेवढंच मी ऐकलं. शेवटी मुलाला न सांगता त्याच्या कॉलेजला ईमेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं, की तो संघात आहे आणि त्यांना त्याचा अभिमान वाटतो. अभिमानाचं वाक्य सगळ्याच पालकांना पाठवत असतील, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "तुला खोटंच सापडायला हवंय का?"

त्या दिवसापासून तुमची आठवण पाठ सोडत नाही. मी नववीत आहे, रत्नागिरीला जिल्ह्याचे खो-खोचे सामने आहेत, आणि उपांत्य फेरीत आपली शाळा हरली आहे. सकाळी तिसऱ्या क्रमांकासाठी सामना, आणि मी सांगते की माझा घोटा मुरगळलाय. तुम्ही शाळेचे खेळाचे सर, वडील नंतर. सगळ्यांसमोर मातीत बसता, माझा पाय मांडीवर घेता, अंगठ्याने घोटा दाबत राहता. "पाय बरा आहे. दुखतंय ते नाक," एवढं बोलून आठवीतल्या एका राखीव मुलीला माझ्या जागी उतरवलंत. ती पहिल्याच मिनिटाला बाद झाली. आपण हरलो. परत येताना तुम्ही एसटी स्टँडवर तिला शहाळं घेऊन दिलंत, आणि मला वाटलं, हे मला दाखवायला. इतकी वर्षं मला तसंच वाटत आलंय. चौथ्या आलेल्या संघातल्या मुलीचं कोण एवढं कौतुक करतं?

शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. प्रेक्षकांच्या खुर्च्या अर्ध्याच भरलेल्या, ते मी लगेच बोलून दाखवलं. आपल्या पोराने पहिले दोन चेंडू सरळ खांबांमधून मारले. शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा त्यांचा संघ दोन गुणांनी मागे होता, आणि हा चेंडू आत गेला तर तीन मिळणार होते. अंतर बरंच होतं. चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. मुलं धावत आली, त्याच्या हेल्मेटवर थापा मारत राहिली. नवरा डोक्याला हात लावून बसला.

तासाभराने फोन आला. तसाही त्या सामन्याला काही अर्थ नव्हता, असं म्हणून त्याची समजूत घालायची, हे मी ठरवूनच ठेवलं होतं. पण एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारा मुलगा मराठीत म्हणाला, "आई, मला परत मारायला मिळेल असं वाटत नाही. तू शेवटपर्यंत बघितलंस ना?" आवाज रडका होता, तरी त्यात काहीतरी भरलेलं होतं. मी म्हटलं, बघितलं. ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं. त्या आठवीतल्या मुलीचा चेहरा कसा होता, हे मला आठवत नाही. मी बघितलाच नव्हता. तुम्ही बघितला असणार.

हे पत्र कुठे जाणार नाही म्हणूनच लिहितेय. चेंडू खांबाबाहेर गेला ना अण्णा, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं.