माउली, वय पाच

३ जून २०१९
आले बाई एकदाची लातूरला! देगलूरच्या बालवाडीत अकरा वर्षं लेकरांची नाकं पुसून कंटाळले होते. इथं सगळं थंडगार, चकाचक. शबाना मॅडमचं डिजिटल खेळघर. खाली बारावीचे क्लासेस, वर आपण. जमिनीवर उजेडाचे मासे पळतात, लेकरानं पाय दिला की मासा आकडा बोलतो. भिंतीवर बोटानं अक्षर गिरवलं की टाळ्या वाजतात. मलाच खेळावं वाटून राहिलं. एक आई विचारत होती, याचा पुढं डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला उपयोग होईल का. लेकरू चार वर्षांचं, चड्डी धड वर ओढता येत न्हाई त्याला!

५ जून
यंत्र बसवायला नांदेडहून अनस आला. प्रत्येक लेकराचं नाव यंत्रात भरायचं, मनगटाला पट्टी बांधायची, मग कोण किती शिकलं ते पडद्यावर दिसतं. तपासायला एक खोटं नाव टाका म्हणाला. मी टाकलं, माउली, वय पाच. माझा धाकटा भाऊ. त्र्याण्णवच्या भूकंपात आईसंगं गेला. पुढच्या जूनला शाळेत जाणार होता, मीच अक्षरं शिकवणार होते. तेच नाव कामून टाकलं, काय की.

१७ जून
पडद्यावर आलं, माउलीनं म्हणे रंगांची पायरी पूर्ण केली! पाच चांदण्या मिळाल्या. त्याला तर पट्टीच न्हाई. कोण्या तरी लेकराचा चाळा असेल. अनसला फोन केला तर हसला, सुरुवातीला होतं असं म्हणाला.

२१ जून
दुपारी जेवणाची सुट्टी. हॉलमध्ये मी एकटी. भिंतीवर माझ्या कमरेइतक्या उंचीवर आपोआप रेघ उमटली. वाकडा अ. मग अजून एक. अगं माय! पळायला पाहिजे होतं. मी खाली बसले अन् लई रडले. मग डोळे पुसून शेजारी माझ्या बोटानं सरळ अ काढून दाखवला. त्यानं तस्साच काढला.

२ जुलै
आता रोज दुपारी तासभर. आज त्यानं घर, आई, अक्का लिहिलं. मला तो अक्काच म्हणायचा. आनंदाच्या भरात डबा खायचा राहिला.
शब्द संपले. पुढची पायरी वाक्यांची.

३ जुलै
झोप न्हाई. वाक्य लिहिता आलं की तो सांगणार. आता मीच लिहून टाकते. त्या पहाटे डोक्यावरचं माळवद हाललं तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. अक्का, अक्का करत त्यानं घट्ट धरला होता. मी झटकला अन् पळाले. नऊ वर्षांची होते. पण झटकला. तो आईच्या कुशीत निजला होता असं मी सगळ्यांना सांगितलं. आमचे वडील, अण्णा, तेच खरं मानून गेले.

९ जुलै
वाक्यांची पायरी मी बंद करून ठेवली. तो जात न्हाई. भिंतभर एकच — अक्का, अक्का, अक्का. चाकूरच्या एका छोट्या पोरीनं हात लावला अन् ती किंचाळली. भिंत गार हाय, आतून कुणी तरी बोट ओढतंय म्हणाली. आता एक लेकरू तिकडं फिरकत न्हाई.

११ जुलै
मॅडम चिडल्या. ते माउलीचं नाव उद्या खेळघर उघडायच्या आत पुसा म्हणाल्या. एकच बटण. दाबलं की गेला.
मीच? दुसऱ्यांदा?

१२ जुलै, सकाळ
बटणावर बोट ठेवलं. न्हाई झालं माझ्यानं. वाक्यांची पायरी उघडली. काय म्हणायचं ते म्हण बाबा, शिव्या दे —
लिहून राहिला. एकेक अक्षर. सावकाश.
अक्का हात दे
एवढंच. दुसरं काहीच न्हाई.

दिला. डाव्या हातानं लिहून राहिले. उजवा भिंतीच्या आत. माती लागतीय, दगड. अन् त्याची बोटं. एवढुशी —
मॅडम दार वाजवून राहिल्या.
कोपर गेलं. लई जोर हाय त्याला. या वेळेस सोडायची न्हाई मी. हळू रे माउली, खांदा —