बाबांचं खाकरणं

३ मार्च

चि. बिट्टीस,
अ. आ. वि. वि.

फोनवर माझा घोगरा आवाज ऐकला की तू रडायला लागतेस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी माझा आवाज बरा लागेल.

घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, ते काही जात नाही. सारखं खाकरावं लागतं. आता तर ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत मी खाकरलो की शिकणारे घाबरून ब्रेकच दाबतात. काल एक बाई भर चौकात थांबल्या आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला. मी काही बोललोच नव्हतो गं!

मागे दुर्बिणीने तपासलं तेव्हा काहीच निघालं नव्हतं. टेन्शन घेऊ नका, एवढं सांगून घरी पाठवलं. या वेळी नव्या डॉक्टरबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली आणि बाहेर काढताना गळ्याच्या जरा खाली थांबल्या. अन्ननलिकेत तिथे एक लालसर डाग आहे म्हणे, पोटाच्या आतल्या अस्तरासारखा. तुकडा काढून तपासायला पाठवला. पोटातलं गळ्यापर्यंत पोचलं म्हणजे काय, ते मला कळतं. तुकडा उगाच कोणी काढत नाही. पुढे त्या बरंच सांगत होत्या, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

रिपोर्ट तयार आहे म्हणून दोनदा फोन आला. मी गेलो नाही. तुझ्या वहिनीला आणि आमच्या पोरीला, गुंडीला यातलं काही माहीत नाही, तूही सांगू नकोस. मला भीती वाटते, बिट्टे.

लोभ आहेच, सध्या जरा जास्तीचा असू दे.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा देऊन बसले. तो बिचारा दारापर्यंत चाचपडत गेला.

लोकांना आरसे बघत चला म्हणून ओरडतोस आणि स्वतः डोळे मिटून बसतोस! रिपोर्ट न आणल्याने आत जे आहे ते बदलणार आहे का? पत्र मिळेल त्या दिवशी ऊठ आणि जा. वहिनीला घेऊन जा. या वेळी डॉक्टरबाई बोलतील ते शेवटपर्यंत ऐक. आणि म्हणे, वहिनीला सांगू नकोस!

दुसरं, त्याहून वाईट. गुंडीचा फोन आला होता. तिला लांबच्या शहरात नोकरी मिळतेय. होकार महिनाअखेरीपर्यंत कळवायचाय. तिने तुला विचारलं आणि तू साफ नाही म्हणालास, असं सांगून हुंदके देत होती. आजारपणाच्या भीतीने तिला जवळ बांधून ठेवतोयस का, दादा? तसं असेल तर तिला तसं सांग. नुसतं नाही म्हणून मोकळा होऊ नकोस.

माझ्या बोलण्याचा राग धर, पण माया सोडू नकोस.

तुझी बिट्टी

१३ मार्च

चि. बिट्टीस,
अ. आ.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. तुझी वहिनी शेजारी आहे. पुड्यातला शेवटचा बिस्किटाचा तुकडाही तिनेच खाल्ला, इतका जीव भांड्यात पडलाय तिचा. कॅन्सर नाही!

या वेळी सगळं ऐकलं. डाग पोटाच्या अस्तराचाच आहे, पण तो पसरत वर आलेला नाही. आईच्या पोटात माझी घडण होत असतानाच तेवढं अस्तर वर राहून गेलं. असं बऱ्याच जणांत असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. माझं मात्र तिथल्या तिथे आम्ल सोडतं, म्हणून गोळा वाटतो, आवाज बसतो, खाकरावं लागतं. दुर्बीण तिथून भर्रकन खाली जाते, म्हणून मागे दिसलं नसावं. आता गोळ्या घ्यायच्या. नाही भागलं तर दुर्बिणीतूनच डाग जाळता येतो. बिघडतो तो फारच क्वचित, पण घास अडकायला लागला तर घरी बसायचं नाही, अशी तंबी मिळालीय.

मी म्हटलं, आमचे बाबाही जन्मभर असंच खाकरायचे. त्यावर त्या म्हणाल्या, असेलही, नसेलही, त्यांच्या घशात कोणी पाहिलं नाही.

आणि गुंडीला मी नाही कधी म्हणालो? ती नोकरीचं बोलली तेव्हा मी बुटांना पॉलिश करत होतो. उत्तर देणार म्हणून घसा साफ केला, मान वर केली, तर ती निघूनही गेलेली! आता ती ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी गेलीय, पुढच्या रविवारी येईल. फोनवर या आवाजात काही बोलायची माझी छाती नाही. समोरासमोर बोलेन.

तुझ्या शिव्या गोळ्यांआधीच लागू पडल्या. अशाच पाठवत जा.

तुझा दादा

१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, आणि मग बाबा आठवले.

बाबा खाकरले की आपण कसे चिडीचूप व्हायचो! आई रेडिओ बंद करायची, तू पुस्तक उघडायचास. चित्रकलेच्या कॉलेजात जाऊ का, म्हणून मी जेवताना विचारलं होतं, आठवतं? बाबा खाकरले. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि माझं ताट उचललं. मी पुन्हा कधी विचारलं नाही. ते जाईपर्यंत मनात राग धरून राहिले, दादा. त्यांनी नाही असा शब्द तोंडातून काढलाच नव्हता, हे मला काल पहिल्यांदा सुचलं.

कदाचित नाहीच म्हणणार असतील. पण आपण कोणी थांबलोच नाही रे.

गुंडीशी बोल. घसा कितीही खवखवला तरी वाक्य पूर्ण कर.

आहे ती माया आहे तशीच असू दे.

तुझी बिट्टी

२२ मार्च

चि. बिट्टीस,
अ. आ.

गुंडीला आणायला क्लासची गाडी घेऊन गेलो आणि चालवायला तिलाच बसवलं. नोकरीचा विषय काढायला तोंड उघडलं आणि व्हायचं तेच झालं. मी खाकरलो. पोरीने कचकन ब्रेक दाबला!

तिला म्हटलं, गाडी कडेला घे आणि थांब, मी अजून काही बोललेलो नाही. नंतर दोनदा खाकरलो. ती ओठ आवळून बसून राहिली, पण थांबली. मग तिला जा म्हणून सांगितलं. घशातल्या डागाचंही सगळं सांगितलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून इतकी रडली की गाडी मलाच घरी आणावी लागली. होकार रात्रीच कळवलाय तिने.

बिट्टे, तुमच्याकडे मोठ्या माणसांना चित्रकला शिकवणारं कोणी असेलच. बाबा काय म्हणाले असते, मला माहीत नाही. आता घरात मोठा मी आहे आणि मी हो म्हणतोय. जाऊन नाव घाल.

पहिलं चित्र मला पाठव, कसंही आलं तरी.

तुझा दादा