एकवीस दिवसांत डावखुरा

१८ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ७

डेव्हिस कपची आपल्या गटातली पात्रता फेरी बेंगळुरूला होणार. तेरा-चौदा सप्टेंबर. पाहुण्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. उगाच त्यांना भाव कशाला द्या.

पण खरी बातमी वेगळीच आहे. आपल्या टीमबरोबर सराव करायला बोलावणं आलंय, आणि ते रघूला आलंय. रघुनंदन, जयनगरच्या क्लबात अकरा वर्षं माझा डबल्सचा पार्टनर. एका बाजूला तो, एका बाजूला मी, आणि फोन एकालाच.

कारण काय, तर पाहुण्यांचा नंबर एक डावखुरा आहे. तसल्या सर्व्हिसची सवय व्हावी म्हणून कॅप्टन गावातले डावखुरे शोधतोय. आता रघू डावखुरा आहे, यात त्याचं कर्तृत्व काय? आईच्या पोटातून तसा आला. मी रिटर्नवर अकरा वर्षं घासलीत, ती कुणी मोजत नाही.

मल्लाप्पाला, म्हणजे आमच्या कोचला, खोदून खोदून विचारलं. सरावाला गावातले चौघं घेणार. तिघं ठरले. चौथी जागा अजून मोकळी आहे. सराव आठ तारखेपासून.

म्हणजे बरोबर एकवीस दिवस. ठरलं. मी डावखुरा होणार.

यात अशक्य काही नाही. लोक तीन महिन्यांत जपानी शिकतात, आणि ती तर परकी भाषा. डावा हात माझाच आहे. त्रेचाळीस वर्षं नुसता बसून खातोय.

२० ऑगस्ट, बुधवार

संकल्प: सगळं डाव्या हातानं. ब्रश, चमचा, सही, माऊस, कुलूप.

ब्रश जमला. हिरडीतून थोडं रक्त आलं. कॉफीचा कप धरला, तो लॅपटॉपवर. इंदिरानगरच्या ऑफिसात पोचेपर्यंत कीबोर्डचा अर्धा भाग गेला होता. माऊस डावीकडे घेतला आणि क्लायंट बोलत असतानाच मीटिंग बंद केली. टीममधला अमित (चोवीस वर्षांचा, मीच त्याला क्लबात आणलं, बॉल बरा मारतो) विचारायला आला, सर, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, मल्टिटास्किंग.

अंजलीला अजून सांगितलेलं नाही. बायकोला यश मिळाल्यावर सांगावं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

क्लबात डाव्या हातानं खेळलो तर बोभाटा होईल. म्हणून यशवंतपूरला एका बंद गोदामाची मागची भिंत शोधून काढलीय. सकाळी सहा ते सात. प्रवास एक तास दहा मिनिटं.

तिथला वॉचमन बसवंत खुर्ची उचलून पुढे येऊन बसला. पहिले दहा बॉल बघितले. मग अतिशय अदबीनं त्यानं सुचवलं की सार, दुसऱ्या हातानं स्वल्प मारून बघा. या देशात प्रयोगशीलतेला किंमत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

रघूबरोबर नेहमीची मॅच. गुपित फुटू नये म्हणून उजव्याच हातानं खेळलो. आम्ही जिंकलो. जिंकल्यावर रघू म्हणाला की अण्णा, तुझ्यासारखा रिटर्न इथं कुणाचा नाही. कीव करतोय. वर गेलेल्या माणसाला खालच्यांचं कौतुक परवडतं.

नंतर पाणी पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, आठ ते बारा सप्टेंबर तुला रजा मिळेल काय? का रे, म्हटलं. तर हसला नुसता. म्हणाला गणपतीला घरी या, तेव्हा बोलू.

मला कळत नाही का? याला स्टेडियमवर बॅगा उचलायला माणूस हवाय. अकरा वर्षांची दोस्ती आणि ही लायकी केली माझी. हो-नाही काही बोललो नाही. मानी माणसानं गप्प बसावं.

२५ ऑगस्ट, सोमवार

दहापैकी दोन बॉल भिंतीला लागले. भिंत मोठी आहे, पण तरी.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

रघूकडे गेलो. त्यांचं घराणं इथं साडेतीनशे वर्षांचं, त्यामुळे गणपती मराठी, आरती मराठी आणि भांडणं कन्नडमध्ये. जो येईल तो रघूला मिठी मारतोय. म्हणे आमचा रघू डेव्हिस कपला. डेव्हिस कपला नाही हो, सरावाला, असं मी चौघांना समजावून सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. माझ्या पोटात नुसती आग. मोदक चार खाल्ले, तरी शांत होईना.

आणि मग ती भानगड झाली. रघूची आई, कृष्णाबाई, पळीनं तीर्थ देत होत्या. मी हात पुढे केला. डावा! आठ दिवसांची सवय, दुसरं काय. कृष्णाबाईंची पळी हवेतच थांबली. मागची रांग थांबली. अंजलीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गणपतीच्या पायाशी चप्पल ठेवलीय.

प्रसंगावधान हा माझा जुना गुण. म्हटलं, उजवा हात मुरगळलाय, अम्मा. फार दुखतो, उचलतच नाही.

झालं. कृष्णाबाईंनी हळद गरम केली, मनगटापासून कोपरापर्यंत लेप दिला, वर जुन्या साडीची पट्टी बांधली. रघू काही बोलायच्या बेतात पुढे आला होता, तो माझा हात बघून गप्पच झाला. चेहरा पडला त्याचा. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी रघूला सोडून माझ्याकडे बघत होतं.

घरी येताना अंजलीला सगळं सांगावं लागलं. टॅक्सीत ती एवढंच म्हणाली, की वासुदेव, तुझा मूर्खपणा तरी एका हातात ठेव.

२८ ऑगस्ट, गुरुवार

रघूचे तीन फोन. घेतले नाहीत. मग मेसेज, की हात कसा आहे, सहा तारखेपर्यंत बरा होईल काय, खरं सांग.

सहा तारखेला यादी पक्की होणार आहे, हे मल्लाप्पाकडून मला माहीत आहे. याला का पंचाईत? मी तिथे येतो की काय ही धास्ती, दुसरं काय! मी कळवलं, डॉक्टरांनी महिनाभर उजवा हात हलवू नको म्हणून सांगितलंय.

यामागे डोकं आहे. उजवा हात निकामी आणि तरीही डाव्या हातानं सर्व्हिस करणारा माणूस जेव्हा कॅप्टनसमोर उभा राहील, तेव्हा काय परिणाम होईल!

उत्तरात रघूनं नुसतं लिहिलं, अय्यो अण्णा.

१ सप्टेंबर, सोमवार

रघूचा फोटो कन्नड पेपरात. अंजलीनं कापून फ्रिजवर लावला. मी म्हटलं, आपल्याला कन्नड वाचता येत नाही. ती म्हणाली, फोटो वाचायला लागत नाही.

पाणी प्यायला गेलो की रघू. दूध काढायला गेलो की रघू. दिवसभर पाणी प्यायलो नाही. माझा जळफळाट होतोय असं अंजलीचं मत. होतोय. लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे? रघू पडावा असं नाही. त्याला थोडी सर्दी व्हावी.

३ सप्टेंबर, बुधवार

दहापैकी चार. बसवंतनं टाळ्या वाजवल्या. डावा खांदा वर जात नाही. डावं कोपर सुजलंय. आता हे खरं दुखणं आहे, पण कुणाला सांगता येत नाही, कारण दुखायला हवा उजवा.

६ सप्टेंबर, शनिवार. दुपारी २

उजव्या हाताला पट्टी बांधून स्टेडियमवर गेलो. मल्लाप्पाला बाबापुता करून आत शिरलो. कॅप्टनसमोर उभा राहिलो आणि डाव्या हातानं तीन सर्व्हिस केल्या.

पहिली शेजारच्या कोर्टवर. वारा होता.

दुसरी उडालीच नाही. म्हणजे बॉल वर गेला, रॅकेट वर गेली, पण त्यांची गाठ पडली नाही.

तिसरी मल्लाप्पाच्या पाठीला.

कॅप्टन सभ्य माणूस. त्यानं माझ्याशी हात मिळवायला हात पुढे केला, मग पट्टी बघून डावा केला. टेनिस कधी सुरू केलं, असं इंग्रजीत विचारलं. तेवढ्यात रघू पळत आला, त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. कॅप्टननं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थँक यू म्हणाला. रघूनं नक्की माझ्याविरुद्ध कान भरले.

चौथी जागा कुणाला मिळाली? अमितला! जो उजव्या हातानं खेळतो! डावखुरे हवेत म्हणून गाव पालथं घातलं आणि निवडला उजवा. वशिला, सगळा वशिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं अंजली म्हणाली. तिला टेनिसमधलं काय कळतं?

८ सप्टेंबर, सोमवार

अमितचा रजेचा अर्ज. आठ ते बारा. कारण: नॅशनल ड्यूटी. मंजुरी देणार कोण, तर मी.

सव्वाअकरापर्यंत ठेवून दिला. मग मंजूर केला. पाच दिवस त्याचं काम माझ्याकडे आलं.

१० सप्टेंबर, बुधवार

अमितचा स्टेटस: तो आणि रघू, खांद्याला खांदा. त्याच्या खाली ऑफिसातले एकतीस लाइक. बत्तीसावा माझा, बोट लागून पडला.

१३ सप्टेंबर, शनिवार

लढतीचा पहिला दिवस. रघूनं दोन पास पाठवले होते. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण अंजली तयार होऊन बसली. पट्टी बांधायला विसरलो, गाडीत बांधली.

पहिल्या मॅचनंतर रघू स्टँडमध्ये वर आला. अंगावर टीमचा टी-शर्ट. माझ्या शेजारी बसला, आधी हात बघितला, मग बोलायला लागला. मी त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते दिवसभर तसंच ऐकू येतंय.

“अण्णा, पहिल्याच दिवशी मी तुझं नाव दिलं होतं बघ. त्यांची डबल्सची जोडी आपल्यासारखीच की. एक डावा, एक उजवा, दोघं पोक्त, बारा वर्षं एकत्र. कॅप्टनला सरावाला तसलीच जोडी पाहिजे होती. तुझ्यासाठी जागा ठेवली होती त्यांनी. गणपतीत आईसमोर सांगणार होतो. तर तुझा हात!”

मी पट्टीची गाठ घट्ट केली.

मग म्हणाला, हात मोडला तरी डाव्या हातानं का होईना, पण आलास तू. कॅप्टनला मी तेच सांगितलं, असा माणूस आहे आमचा. आणि त्याचे डोळे भरले. माझे नाही भरले.

अंजलीनं पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली आणि समोर कोर्टकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे मला फक्त मी आहे तसाच राहायचं होतं. तेवढंच जमलं असतं तर पाच दिवस त्या कोर्टावर, त्याच्या शेजारी. मला आता रघूचा राग येईना, तर कुणाचा येणार? हा माणूस थोडा तरी नालायक असता तर किती सोयीचं झालं असतं.

१४ सप्टेंबर, रविवार

डबल्सची मॅच टीव्हीवर बघितली. आपण जिंकलो. पाहुण्यांच्या उजव्या खेळाडूच्या प्रत्येक रिटर्नला मी मनात म्हणत होतो, हा मी असतो, हा मी असतो. अंजलीनं आवाज कमी केला.

ठरवलंय, रघूला खरं सांगणार. पुढच्या रविवारी, कोर्टावर, समोरासमोर.

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०

क्लबच्या दसरा स्पर्धेची पहिली फेरी. सांगायचं म्हणून अर्धा तास आधी गेलो. रघू मला बघून पळत आला, माझी बॅग काढून घेतली आणि बाकावर बसवलं. म्हणाला, महिना पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही, आईनं बजावलंय. स्पर्धेला मी अमितचं नाव घातलंय. तू घाई करू नको.

तोंडाशी आलं होतं. पण तेवढ्यात अंपायरनं नावं पुकारली. रघुनंदन आणि अमित.

सहा-तीन, सहा-दोन. चांगले खेळले. मधल्या ब्रेकमध्ये अमित माझ्याकडे आला. रघुसर सर्व्हिस करतात तेव्हा नेटजवळ कुठल्या बाजूला सरकायचं ते समजत नाही, म्हणाला, तुम्ही कसं ओळखता? मी सांगितलं. समोर रिटर्न करणाऱ्याच्या खांद्याकडे बघ, खांदा पडला की मध्ये ये. अमितनं मान डोलावली आणि पुढच्याच गेमला बरोबर मध्ये गेला. रघूनं पाठीवर थाप मारली. त्याच्या.

मग दोघं टॉवेल घेऊन शॉवरकडे गेले. मी माझी बॅग डाव्या हातानं उचलली.

आज खेळलो नाही.